जहाजाच्या पाठीवरचे गाव

पर्यटनाच्या हंगामात मुरगाव बंदरात एखादे प्रचंड परदेशी प्रवासी जहाज लागले, तर त्याचा मागचा भाग निरखून पाहावा. जहाजाच्या नावाखाली एका गावाचे नाव रंगविलेले असते. बहुधा नासाऊ, पनामा किंवा व्हॅलेटा. कंपनीची कचेरी मायामीत, खलाशांत गोव्याची मुले, प्रवासी जगभरचे. मग हे गाव मध्येच कोठून आले? ते जहाजाच्या नोंदणीचे गाव होय. खुल्या समुद्रात मुख्यतः त्याच देशाचा कायदा जहाजावर चालतो.

या प्रथेस गती मिळाली ती, मौज अशी की, दारूबंदीमुळे. अमेरिकी जहाजावर मद्य देता येईना, म्हणून १९२२ साली 'रिलायन्स' आणि 'रिझोल्यूट' ही दोन जहाजे पनामाच्या ध्वजाखाली गेली. पुढे कर आणि वेतन यांचा हिशेब प्रबळ ठरला. विवाहापायीही नोंदणी बदलते! ब्रिटिश नोंदणीच्या जहाजावर कप्तानास लग्न लावता येत नसे. हे कारण देऊन क्युनार्ड कंपनीने २०११ मध्ये आपल्या तिन्ही 'राण्या' साउदॅम्प्टनहून बर्म्युडातील हॅमिल्टनच्या दप्तरी नेल्या.

आपणा वैद्यकीय व्यावसायिकांना मात्र जहाजावरील दवाखान्याविषयी अधिक कुतूहल असणार. २००६ च्या सागरी श्रम करारानुसार शंभर वा अधिक माणसे घेऊन तीन दिवसांहून लांबच्या आंतरराष्ट्रीय सफरींवर जाणाऱ्या जहाजावर पात्र डॉक्टर असलाच पाहिजे. पण त्याच्या हातून हयगय झाली तर? डॉक्टर हा स्वतंत्र व्यावसायिक, त्याच्या चुकीस कंपनी बांधील नाही, असे अमेरिकी न्यायालये प्रदीर्घ काळ मानीत आली. परदेशी जहाजावरील परदेशी डॉक्टरला रुग्णाच्या नातलगांनी गाठावे तरी कोठे?

२०११ मध्ये बर्म्युडाच्या धक्क्यावर पडून एका वृद्ध प्रवाशाच्या डोक्यास मार लागला. जहाजावरील परिचारिकेने पुरेशी तपासणी न करता त्यास खोलीत परत पाठविले, असा कन्येचा आरोप होता. आठवड्याभरात तो दगावला. नोव्हेंबर २०१४ मध्ये अमेरिकी अपील न्यायालयाने जुना नियम बाजूस सारला. डॉक्टरच्या अंगावर गणवेश कंपनीचा, दवाखान्याची जाहिरात कंपनीची, बिलाची वसुलीही कंपनीची. तेव्हा असा दावा कंपनीवर चालू शकतो, असे न्यायालयाने म्हटले. प्रस्तुत लेखकास हा तर्क बिनतोड वाटतो. अमेरिकी कंपन्यांच्या तिकिटावर बारीक अक्षरांत बहुधा मायामीचेच न्यायालय नेमलेले असते, आणि हा निकाल तेथे बंधनकारक आहे. सफरीस निघालेल्या आपल्या ज्येष्ठ रुग्णांना औषधांची यादी लिहून देताना तेवढे कलम आणि विम्यातील हेलिकॉप्टरची तरतूद वाचावयास सांगावे.