पडद्यावरील मजकूर कसा सरकतो

जन्मपत्रिकेची लांब गुंडाळी वाचताना एका हाताने कागद सोडावा लागतो व दुसऱ्या हाताने तो गुंडाळीत घ्यावा लागतो. दोन्ही हात एका चालीने चालले नाहीत, तर कागद मध्येच फुगतो किंवा ताणला जाऊन फाटतो. संगणकाच्या पडद्यावर लांब मजकूर वरखाली सरकविण्याचे कामही असेच दोन हातांचे आहे. मजकूर दाखविणारी चौकट हा एक हात आणि तिच्या कडेची सरकपट्टी हा दुसरा. पाहणाऱ्यास ही एकच वस्तू वाटते. परंतु आज्ञावली लिहिणाऱ्यास दोन्ही वेगवेगळ्या घडवून एकमेकींशी जोडाव्या लागतात, आणि बहुतेक दोष या जोडणीतच उद्भवतात.

पायथन ही संगणक-भाषा गिडो व्हान रोसम यांनी १९९१ साली प्रसिद्ध केली. खिडक्या, कळी व मजकुराच्या चौकटी पडद्यावर उमटविण्यासाठी तिच्याबरोबर ‘टीकिंटर’ हा संच येतो. जॉन औस्टरहाउट यांनी बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात असताना निर्माण केलेल्या ‘टीके’ या साधनसंचावर तो आधारलेला आहे.

या संचात चौकट व पट्टी यांच्यामध्ये फक्त दोन आकड्यांची भाषा चालते. समजा, मजकुराच्या सारख्या उंचीच्या २०० ओळी आहेत, चौकटीत एका वेळी २० ओळी मावतात आणि या घटकेस ५१वी ओळ सर्वांत वर आहे. वरच्या बाजूस ५० ओळी दडलेल्या असल्यामुळे पहिला आकडा ०.२५, व दृश्य भाग ७०व्या ओळीपाशी संपत असल्यामुळे दुसरा ०.३५. चौकट हे आकडे पट्टीच्या ‘सेट’ या क्रियेस कळविते आणि त्यानुसार पट्टीतील ठोकळा आपली जागा व लांबी ठरवितो. सर्व मजकूर चौकटीत मावत असेल, तर आकडे ० आणि १ असतात व ठोकळा संपूर्ण खाच व्यापतो.

उलट दिशेने पट्टी चौकटीच्या ‘वाय-व्ह्यू’ या क्रियेस विनंती करते: अमुक अपूर्णांकापाशी जा, एक ओळ पुढे चल, किंवा एक पान पुढे चल. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ठोकळा ओढला असता पट्टी त्यास स्वतः हलवीत नाही. ती केवळ विनंती पाठविते. मजकूर सरकतो, चौकट नवे आकडे कळविते, आणि मगच ठोकळा हलतो. म्हणून केवळ पहिला दुवा जोडला, तर उंदराच्या चाकाने मजकूर सरकतो व ठोकळाही सरकतो, पण ठोकळा ओढून काहीच घडत नाही. केवळ दुसरा जोडला, तर मजकूर सरकूनही त्याचे स्थान पट्टीवर दिसत नाही.

नवशिक्यांना नडणारा आणखी एक बारकावा कंसाचा आहे. पट्टीच्या स्वाधीन ‘वाय-व्ह्यू’ हे क्रियेचे नाव करावयाचे असते. नावापुढे कंस लिहिल्यास ती क्रिया तत्क्षणी घडून जाते आणि पट्टीच्या हाती क्रियेऐवजी दोन आकडे पडतात.

खरी कसोटी लागते ती वाढत्या मजकुरापाशी. एखादे यंत्र दर सेकंदास तापमानाची नोंद करीत आहे व प्रत्येक नोंद चौकटीच्या तळाशी लिहिली जात आहे, असे समजू. दोन नोंदींमधील वेळ ‘स्लीप’ने घालविल्यास सारी खिडकीच गोठते, कारण पडदा रंगविणे व उंदराची हालचाल टिपणे ही कामेही त्याच ओघात चालतात. ‘आफ्टर’ या क्रियेने मात्र पुढील नोंदीची वेळ नेमून तो ओघ मोकळा ठेवता येतो.

नवी नोंद दिसावी म्हणून पुष्कळ आज्ञावल्या प्रत्येक भरीनंतर ‘सी’ ही क्रिया वापरून चौकट तळाशी नेतात. पण पाहणारा त्या वेळी वरची एखादी संशयास्पद नोंद वाचीत असेल, तर दर सेकंदास त्याच्या डोळ्यांसमोरून ती ओढून नेली जाते, आणि ज्या चुकीच्या शोधार्थ तो तेथे गेला तीच हातून निसटते. हा उपद्रव टाळणे सोपे आहे. भर घालण्यापूर्वी चौकटीस तिचे दोन आकडे विचारावे. दुसरा आकडा १ असेल, तर वाचक तळाशीच आहे. भर घालून चौकट खाली न्यावी. तो १ पेक्षा कमी असेल, तर भर घालावी, पण चौकट हलवू नये. हा प्रश्न भर घातल्यानंतर विचारून उपयोग नाही. कारण नव्या ओळीमुळे तळ आणखी खाली गेलेला असतो व तळाशी असलेला वाचकही वर असल्यासारखा भासतो.

अशा व्यवस्थेत वर थांबलेल्या वाचकास मजकूर स्थिर दिसतो; ठोकळा मात्र हळूहळू लहान होत वर चढतो, कारण खालचा मजकूर वाढत असतो. वाचक आपण होऊन पुन्हा तळाशी गेला, की दुसरा आकडा १ होतो आणि पुढील नोंदीपासून चौकट पूर्ववत मजकुराबरोबर चालू लागते.