पहिल्या लेखाचा समास

परंड्यात बसून पहिला लेख लिहायला घेणाऱ्यासमोर किल्ला आपसूक उभा राहतो. भुईकोट, भोवती खंदक, दुहेरी तटबंदी, बुरुजांवर तोफा. बहमनी काळातली उभारणी आणि १६०० मध्ये अहमदनगर पडल्यावर काही काळ निजामशाहीची राजधानी. एवढे सगळे आठशे शब्दांत बसवले की लेख झाला असे वाटते. असा लेख बहुधा परत येतो. त्यात चूक काहीच नसते. पण हा मजकूर संपादकाने आधी कुठे ना कुठे वाचलेला असतो आणि लिहिणारा परंड्याचाच आहे याची एकही खूण त्यात सापडत नाही.

विषय लहान केला की लेखाला धार येते. आज विजापुरात असलेली मुलूख मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरात ओतली गेली, पुढे ती परंड्याच्या किल्ल्यावर होती आणि १६३२ मध्ये विजापूरकरांनी ती इथून नेली. नुसत्या या एका तोफेवर लेख होतो. एवढे जड धूड तटावरून खाली कसे घेतले असेल, सीनेचे पात्र कुठे ओलांडले असेल, हे प्रश्न किल्ल्यात रोज जाणाऱ्यालाच पडतात. त्यांची उत्तरे शोधताना काय सापडले आणि काय सापडले नाही, हे सरळ सांगणारा लेख संपादक शेवटपर्यंत वाचतो. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणून आणि कागदोपत्री आधार असलेली गोष्ट आधारासह लिहायची, एवढी शिस्त पाळली तरी नवख्या लेखकावर विश्वास बसतो.

मजकुराइतकेच महत्त्व हस्तलिखिताला आहे, आणि हा धडा परंडा तालुक्यातच आहे. सीनाकाठच्या डोमगावात कल्याणस्वामींचा मठ आहे. समर्थ रामदासांनी सांगावे आणि कल्याणांनी लिहून घ्यावे, असा दासबोध झाला. कल्याणांच्या हातची मानली जाणारी त्याची प्रत या मठाने जपली आणि धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी ती छापून लोकांसमोर आणली. त्याच दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर सुटे आणि वाटोळे असावे, ओळी सरळ याव्यात, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वळण एकच राहावे, तरुणपणी हौसेने फार बारीक लिहू नये, अशा सूचना त्यात आहेत. पानाच्या चारी बाजूंना कोरी जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झिजल्या तरी अक्षर शाबूत राहते, असेही समर्थ सांगतात. मराठीत या कोऱ्या जागेलाही समासच म्हणतात.

छापखान्याच्या काळात त्या समासाला दुसरे काम आले: तिथे संपादकाची पेन्सिल चालते. म्हणून कागदाच्या एकाच बाजूला, ओळींत अंतर ठेवून लिहिण्याची रीत पडली. आता बहुतेक मासिके मजकूर ई-मेलने घेतात. तो युनिकोडमध्ये टाइप केलेला हवा. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की नुसती चिन्हे दिसतात. पत्र चार ओळींचे पुरते: लेख कशावर आहे, किती शब्दांचा आहे, लिहिणारा कोण, फोन नंबर. दिवाळी अंकासाठी पाठवायचा तर पावसाळ्याच्या सुरुवातीलाच पोचलेला बरा. एकच लेख एका वेळी दोन ठिकाणी धाडू नये. दोन्हीकडे छापून आला, तर त्या लेखकाला दोन्ही दारे बंद होतात.

कुठे पाठवायचा, हे त्या नियतकालिकाचे मागचे तीन-चार अंक वाचूनच कळते. पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, तो १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ने दोन अंकांत छापला. अहमदनगरहून निघालेल्या त्या मिशनच्या पत्रात या विषयाला जागा होती. एका शाळकरी मुलीचे ते लेखन आज मराठीच्या इतिहासात अढळ आहे. मराठवाड्यात हेच काम गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने केले, १९६७ मध्ये सुरू झालेल्या या नियतकालिकात कित्येक दलित लेखकांचे नाव पहिल्यांदा छापून आले.

पाठवल्यानंतरचे दिवस कठीण जातात. ‘साभार परत’ या दोन शब्दांनी लेखणी कायमची खाली ठेवलेली माणसे गावोगावी आहेत, आणि हे मोठे नुकसान आहे. नकारामागे अंकातली जागा, आधीच स्वीकारलेला सारखाच लेख, अशी लेखाच्या दर्जाशी संबंध नसलेली कारणेही असतात. दुरुस्त्या सुचवून परत आलेला लेख तर निम्मा स्वीकारलेलाच असतो. १९८२ मध्ये बंद पडलेल्या ‘सत्यकथे’चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नवोदितांना सविस्तर पत्रे लिहीत, पुन्हा लिहायला लावत. कथेत कुठे काय निसटले, हे त्या पत्रांतून उमगे. अशा पत्राला रागावून उत्तर देण्याआधी लेख दोन दिवस बाजूला ठेवावा आणि मग संपादकाच्या खुणांवरून बोट फिरवत मोठ्याने वाचावा. अडखळायला होते तिथेच बहुधा खूण असते.

स्वीकृती आली की मुद्रिते तपासायला मिळतील का, हे विचारून घ्यावे. गावांची नावे, सन आणि आडनावे यांतच चुका राहतात. डोमगावचे डोणगाव व्हायला एक अक्षर पुरते, आणि पुण्यात बसलेल्या मुद्रितशोधकाला ते खटकण्याचे कारण नाही. मानधन काही ठिकाणी मिळते, काही ठिकाणी फक्त अंक. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतंत्रपणे लिहिणाऱ्याच्या लेखाचा हक्क लिहिल्या क्षणापासून त्याचाच असतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही, आणि लेखी करार करून दिल्याशिवाय तो दुसऱ्याकडे जात नाही. पुढे पुस्तकात तोच लेख घेताना हे उपयोगी पडते, म्हणून स्वीकृतीचे पत्र, पाठवलेली मूळ प्रत आणि छापून आलेला अंक एकाच फायलीत ठेवावेत.