सोंडेचे वादळ

चैत्र-वैशाखात ऊन तापले की माळावर वावटळ उठते. धूळ, पाचोळा, कागदाचे कपटे गरगर फिरत वर जातात. पोरे मागे धावतात. कोणी म्हणते, भूत चालले! भूतबीत काही नाही. तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होते, वर चढते आणि चढताना गिरकी घेते. फार तर वाळत घातलेले धोतर उडते, आणि घडीभरात सारे शांत.

टोर्नेडो दिसायला वावटळीसारखा, पण जात निराळी. वावटळ जमिनीवरून वर जाते. टोर्नेडो ढगातून खाली उतरतो. काळ्याकुट्ट गडगडाटी ढगाखाली हत्तीच्या सोंडेसारखा भोवरा लोंबू लागतो. ती सोंड भुईला टेकली की झाड, घर, मोटार काही सुटत नाही. मोठ्या टोर्नेडोत वारा ताशी दोनशे मैलांच्याही वर जातो.

अमेरिकेत असे टोर्नेडो दरसाल हजाराच्या आसपास किंवा त्याहून जास्त होतात. तिथेच इतके का? त्या देशाच्या दक्षिणेला मेक्सिकोचे आखात आहे. तिथून उबदार, दमट वारा येतो. उत्तरेकडून आणि पश्चिमेच्या डोंगरांकडून थंड, कोरडा वारा येतो. मधे सपाट मैदान. दोघे तिथे भिडतात. दमट हवा जोराने वर चढते, आणि ढग आठ-दहा मैल उंच होतो. आता बघा, खालचा वारा एका दिशेला, वरचा दुसऱ्या दिशेला आणि जास्त जोराचा. आपल्या घरी बायका दोन तळव्यांमध्ये वात वळतात ना, तशी मधली हवा वळली जाते. चढती हवा ही आडवी वात उभी करते, आणि ढगच फिरू लागतो. अशा प्रत्येक ढगातून सोंड उतरते असे नाही. एकातून उतरते, दुसऱ्यातून नाही, याचा शोध शास्त्रज्ञ अजून घेत आहेत.

२०११ साल फार वाईट गेले. एप्रिलच्या २५ ते २८ या चार दिवसांत साडेतीनशेच्या आसपास टोर्नेडो झाले आणि तीनशेहून अधिक माणसे गेली. अलाबामा राज्याला सर्वांत मोठा तडाखा बसला. वर्षभरात साडेपाचशे माणसे दगावली.

२२ मे, रविवार. मिसूरी राज्यातले जॉपलिन, पन्नास हजार वस्तीचे शहर. संध्याकाळी साडेपाचनंतर तिथे पाऊण-एक मैल रुंदीचा टोर्नेडो शिरला. हजारो घरे पडली. मोठ्या इस्पितळाच्या खिडक्या फुटल्या, वीज गेली, रोग्यांना काळोखात जिन्यावरून उतरवावे लागले. ती इमारत पुढे पाडावीच लागली. हायस्कूलही मोडले. पण त्या दिवशी मुलांचा पदवीदान समारंभ दुसऱ्या जागी, कॉलेजात होता, म्हणून शाळेत गर्दी नव्हती. केवढे नशीब! तरीही शहरात दीडशेहून अधिक माणसे मेली.

इशारा नव्हता का? होता. टोर्नेडो भुईला टेकण्याआधी सतरा मिनिटे इशारा दिला होता, भोंगेही वाजले होते. पण भोंगे तिथे नेहमीच वाजत. पुष्कळ लोक आधी आभाळ बघायला बाहेर आले, कोणी दुसऱ्याला विचारीत बसले. त्यांना हसू नये. पुराची दवंडी ऐकली की आपणही आधी नदीवर पाणी बघायला जातोच की! शिवाय बहुतेक घरांना तळघर नव्हते. अशा वेळी सर्वांत खालच्या मजल्यावर, घराच्या मधोमध, खिडकी नसलेल्या लहान खोलीत शिरून डोके झाकून बसायचे असते.

हे संकट एकट्या अमेरिकेचे नाही. आपल्या शेजारी बांगलादेशात २६ एप्रिल १९८९ रोजी दौलतपूर आणि साटुरिया या भागावर टोर्नेडो आला. सुमारे तेराशे माणसे मेली. एका टोर्नेडोने इतके बळी घेतल्याची दुसरी नोंद नाही.

जॉपलिनच्या शाळांमध्ये पुढे जाड भिंतींच्या निवाऱ्याच्या खोल्या बांधल्या. भोंगा वाजला की मुलांबरोबर आसपासच्या आळीतली माणसेही तिथे जाऊन बसू शकतात.