गाव नावाची गोष्ट – लेखांक ९ : पिंपळे सौदागरची मोजणी

मागच्या आठवड्यात बलुत्याचा हिशोब पाहिला. आज जमिनीचा पाहू, आणि त्यासाठी लांब जायची गरज नाही. पवनेच्या काठावरच्या पिंपळे सौदागरला जायचं. तिथे आज ज्यांचा फ्लॅट आहे आणि जे रोज सकाळी हिंजवडीची वाट धरतात, त्यांच्यातल्या फार थोड्यांना माहीत असेल की या गावाची जमीन भारतीय शेतीच्या अभ्यासात शंभर वर्षं दाखल्यादाखल दिली जाते आहे.

१९१७ साली पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी या एका गावावर अख्खं पुस्तक लिहिलं. मान मूळचे रसायनशास्त्रज्ञ. आसामात चहाच्या मळ्यांसाठी संशोधन करून १९०७ साली ते पुण्यात आले. त्याआधी त्यांनी इंग्लंडमधल्या बेडफर्डशायर परगण्यातलं रिजमाँट नावाचं खेडं घरोघर तपासलं होतं. राउंट्री यांनी यॉर्क शहरातली गरिबी कुटुंबागणिक मोजली होती. तीच पद्धत मान यांनी खेड्याला लावली, आणि तिसऱ्या हिश्श्याहून अधिक गावकरी गरिबीत निघाले. शहरात हाल, खेड्यात सुख, ही समजूत तिथे टिकली नाही. हाच माणूस पुढे तीच नजर घेऊन पिंपळ्यात आला, हे मला फार मोलाचं वाटतं. आपल्या खेड्याकडे त्यांनी साहेबाच्या कौतुकाने पाहिलं नाही. स्वतःच्या मुलखातल्या खेड्याला जे प्रश्न विचारले, तेच इथे विचारले.

काय सापडलं? जुनी दफ्तरं धुंडाळून मान यांनी दर खातेदारामागे सरासरी किती जमीन होती ते काढलं. १७७१ साली ४० एकर. पेशवाई संपली त्या १८१८ साली साडेसतरा. १८२० ते १८४० या काळात १४. आणि ते स्वतः मोजायला आले तेव्हा उरली होती ७ एकर. खातेदार १५६ आणि तुकडे सातशेच्या वर. त्यातले ४६३ तुकडे एकराच्या आतले, ११२ तर पाव एकराहून, म्हणजे दहा गुंठ्यांहून लहान.

असं का झालं, हे ज्यांच्या घरात वाटप झालंय त्यांना सांगायला नको. बापाच्या नावावर तीन शेतं आहेत : एक नदीकाठचं काळं, एक विहिरीखालचं, एक माळाचं. भाऊ तीन. एकाला काळी आणि एकाला माळ, असं वाटप कोण मान्य करणार? मग प्रत्येक शेताचे तीन हिस्से होतात. न्याय चोख होतो आणि तिनाचे नऊ तुकडे होतात. पुढच्या पिढीत बांधालाही बांध फुटतो. औत वळवायला जागा उरत नाही आणि भावकीची निम्मी भांडणं त्या बांधावरच होतात. १९४७ साली मुंबई प्रांतात तुकडेबंदीचा कायदा आला, त्याच्यामागे अशाच पाहण्यांचा धडा होता.

मान यांचा निष्कर्ष स्पष्ट होता. केवळ आपल्या शेतीवर नीट जगणारी कुटुंबं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. बाहेरची मजुरी धरूनही सुमारे दोन तृतीयांश कुटुंबांचा मेळ बसत नव्हता. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून जवळच उभा होता. पुणं आणि खडकीची छावणीही चालत जाण्याच्या अंतरावर. ‘कारखाने आले आणि गाव मोडलं’ असं आपण सर्रास म्हणतो, ते पिंपळे सौदागरपुरतं तरी खरं नाही. टेल्कोचा कारखाना यायच्या अर्धशतक आधीच हे गाव गावाबाहेरच्या पैशाची वाट पाहत होतं. मान यांच्या पुस्तकाच्या दोनच वर्षं आधी, १९१५ साली, त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ प्रसिद्ध झाला होता. त्यातही कुणब्याच्या मानेवरचं ओझं हाच मुख्य विषय आहे. आणि ज्यांना गावात जमीनच नव्हती, मानही नव्हता, त्यांच्यासाठी रोख पगार म्हणजे सुटका होती. गावपणाचे गोडवे गाताना हे विसरणं मला अन्यायाचं वाटतं.

पुढचा क्रम झपाट्याचा आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स सुरू झाली. १९६० साली पी. डी. डिस्कळकर यांची पिंपळे सौदागरची फेरपाहणी प्रसिद्ध झाली. हे गाव शेतीचं गाव म्हणून पुन्हा तपासलं गेलं ते अगदी वेळेवर. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी मिळून नगरपालिका झाली, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण, १९८२ मध्ये महापालिका.

इथे खरा बदल झाला तो असा : जमिनीला पिकाऐवजी किंमत आली. ज्या दहा गुंठ्यांत घरचं धान्य पिकत नव्हतं, त्याच दहा गुंठ्यांसाठी बिल्डर दारात उभा राहिला. जमीन विकून गाड्या घेणाऱ्यांना लोक ‘गुंठामंत्री’ म्हणून हिणवू लागले. मला हा शब्द आवडत नाही. चार पिढ्या तोट्यात कसलेल्या कुटुंबाच्या हाती एकदा पैसा आला, तर त्यात हिणवण्यासारखं काय आहे? प्राधिकरणाला ज्यांनी जमिनी दिल्या, त्यांचे वारस साडेबारा टक्के परताव्यासाठी किती दशकं हेलपाटे घालत राहिले, तेही पाहावं.

हिशोब विचारायचाच तर दुसरा विचारू. सातबाऱ्यावर वारस म्हणून बहिणींची नावं लागतात. व्यवहाराच्या आधी एक दिवस ठरतो, बहिणींना गाडी पाठवून आणतात, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर अंगठा किंवा सही होते, जेवण होतं, साडी मिळते. मुलींना वडिलार्जित जमिनीत मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली दिला. पण ‘माहेर तुटायला नको’ म्हणून कोट्यवधींचा हिस्सा आजही एका दुपारी सुटतो. भावाभावांत माळाचा तुकडासुद्धा समान वाटणारा गावाचा न्याय बहिणीपाशी येऊन थांबतो.

आता चाकणकडे पाहा. निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, कुरुळी. जे पिंपळ्यात झालं ते इथे गेल्या पंचवीस वर्षांत झालं आहे, एका फरकाने. पिंपळ्यात शेताच्या जागी सोसायट्या आल्या, इथे शेताच्या कडेला खोल्यांच्या चाळी उठल्या. मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली पोरं तीन पाळ्यांत कामाला जातात आणि पाळीपाळीनेच एका खोलीत झोपतात. गावकऱ्याचं उत्पन्न म्हणजे खोल्यांचं भाडं, कंपनीला लावलेला टेम्पो, पाण्याचा टँकर. यात्रा मात्र दणक्यात भरते. बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली आलेली बंदी उठावी म्हणून या खेड तालुक्याने जिवाचं रान केलं, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींचा कायदा उचलून धरला तेव्हा शर्यतींच्या घाटांवर गुलाल उधळला गेला. नांगराला बैल लागत नसताना माणसं घाटासाठी बैल पोसतात, कारण भावकी एकत्र येण्याची तेवढीच जागा उरली आहे.

त्या यात्रेच्या वर्गणीत चाळीतल्या भाडेकरूचं नाव नसतं. ग्रामसभेतही नसतं, कारण त्याचं मत त्याच्या गावाकडे. पण तो पाणी याच गावचं पितो, कचरा इथेच टाकतो, आजारी इथेच पडतो. माझ्या मते त्याला ग्रामसभेत निदान बोलायला तरी जागा हवी, आणि मान यांच्यासारखी घरोघरची मोजणी आज करायचीच तर ती त्याच्या खोलीपासून सुरू व्हावी : भाडं किती, एका खोलीत माणसं किती, पगारातलं घरी काय जातं, पाणी दिवसाआड येतं की टँकरने, आणि कंत्राट संपलं की तो कुठे जातो. पुढच्या आठवड्यात या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू.