कुशीतले पाजणे

स्तनांत दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक आईच्या रक्तात दिवसापेक्षा रात्री अधिक असते आणि बाळ लुचू लागले की ते आणखी वाढते; त्यामुळे पहिल्या काही महिन्यांत रात्रीच्या पाजण्याने बाळाची भूक तर भागतेच, शिवाय दुसऱ्या दिवशीच्या दुधाचीही तजवीज होते. रात्रीच्या दुधात झोपेशी निगडित असलेले मेलाटोनिन उतरते, आणि स्वतःचे दिवसरात्रीचे चक्र बसायला नवजात बाळाला साधारण 2 ते 3 महिने लागतात. तोवर बाळ रात्री वारंवार जागे होणारच, आणि त्याला पाजणाऱ्या आईचा डोळाही लागणारच. बाळंतिणीच्या अंथरुणाचा विचार या वस्तुस्थितीपासून सुरू व्हायला हवा.

आडवे होऊन पाजल्यास दूध कानात जाते, ही घरोघरी दिली जाणारी ताकीद मुख्यतः बाटलीच्या संदर्भात खरी आहे. घसा आणि मधला कान यांना जोडणारी नळी बाळात आखूड व आडवी असते, आणि उताण्या बाळाच्या तोंडात बाटलीतले दूध ठिबकत राहिले तर ते घशात साचू शकते. अंगावरचे दूध मात्र बहुतांशी बाळाच्या ओढण्यानेच येते, आणि आडव्या स्थितीत पिणारे बाळ उताणे नसून आईकडे तोंड करून कुशीवर असते. आईने कुशीवर वळून पाठीशी उशी किंवा लोड घ्यावा, गुडघे किंचित दुमडावेत आणि खालचा हात बाळाच्या डोक्याच्या वरच्या बाजूला ठेवावा. बाळाचे पोट आईच्या पोटाला टेकलेले आणि नाक स्तनाग्रासमोर असावे, म्हणजे तोंड मोठे उघडताना त्याची हनुवटी आधी स्तनाला लागते व पकड खोल बसते. बाळ आईच्या उशीवर कधीही नसावे. त्याची जागा छातीच्या पातळीवर, सपाट गादीवर. पिऊन झाले की त्याला उताणे करावे.

अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठातले मानववंशशास्त्रज्ञ जेम्स मॅकेन्ना यांनी झोपेच्या प्रयोगशाळेत मायलेकरांच्या रात्रींचे चित्रण केले, तेव्हा अंगावर पाजणाऱ्या माता नकळत अशाच मुडपून बाळाभोवती झोपतात असे दिसले, आणि इंग्लंडमध्ये डरहॅम विद्यापीठाच्या हेलन बॉल यांच्या निरीक्षणांतही तेच आढळले. पाजणे आणि झोपणे एकमेकांपासून वेगळे काढताच येत नाही, असे मॅकेन्ना व ली गेट्लर यांचे म्हणणे असून त्यासाठी त्यांनी ‘ब्रेस्टस्लीपिंग’ हा शब्द घडवला. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा 2022 चा सल्ला याहून सावध आहे: किमान पहिले 6 महिने बाळ आईच्याच खोलीत, पण वेगळ्या अंथरुणावर असावे. मात्र पाजताना झोप लागण्याची शक्यता असेल, तर सोफ्यापेक्षा वा आरामखुर्चीपेक्षा पलंग कमी धोक्याचा, हे तीही मान्य करते. झोप टाळण्यासाठी सोफ्यावर बसून पाजणारी दमलेली आई अधिक मोठा धोका पत्करत असते, ही गोष्ट प्रत्येक बाळंतिणीला स्पष्टपणे सांगितली गेली पाहिजे.

मराठी घरातली जमिनीवरची घट्ट कापसाची गादी या कामी उत्तम, कारण तिच्यावरून पडण्याचे भय जवळजवळ नसते. फक्त ती आणि भिंत यांत फट नको. झोळ पडलेली बाज, मऊ फोम, मोहरीची उशी आणि बाळाच्या तोंडाजवळ येणारी जाड गोधडी मात्र दूर ठेवावी. झोपताना कुंची व टोपडे काढावे, कारण बाळाच्या शरीरातली बरीच उष्णता डोक्यावाटे बाहेर पडते. बाळाच्या गळ्यातला दोरा उतरवावा, आईने मोकळे केस बांधावेत आणि थोरल्या भावंडाला बाळाशेजारी निजवू नये. ओवा-शेपाच्या धुरीसाठी पेटवलेली कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवणे तर जिवावर बेतू शकते, कारण तिच्यातून वास नसलेला विषारी कार्बन मोनॉक्साइड वायू सुटतो.

काही घरांत एकाच अंथरुणावर झोपणे टाळलेच पाहिजे: आई किंवा वडील धूम्रपान करत असतील, कोणी मद्य वा गुंगी आणणारे औषध घेतले असेल, किंवा बाळ अपुऱ्या दिवसांचे अथवा 2.5 किलोपेक्षा कमी वजनाचे असेल तेव्हा. गरोदरपणी मिश्री लावण्याच्या सवयीनेही बाळाचे वजन घटते, हे इथे ध्यानात घ्यायला हवे. अशा बाळासाठी आईच्या गादीलगत हाताच्या अंतरावर वेगळे, घट्ट अंथरूण घालावे, आणि पाजणे संपेपर्यंत घरातल्या दुसऱ्या कोणी जागे राहून बाळाला खांद्यावर घ्यावे, ढेकर काढावा व त्याच्या जागी उताणे ठेवावे.