गंधर्वांच्या नावाचं घर

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराचं भूमिपूजन १९६२ मध्ये झालं, तेही खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते. वास्तू उभी राहण्याआधीच, १९६७ मध्ये ते गेले. मग त्यांच्या जन्मदिनी, २६ जून १९६८ रोजी पडदा उघडला.

महापालिकेच्या या नाट्यगृहाच्या उभारणीत पु. ल. देशपांडे यांनी जातीनं लक्ष घातलं होतं. गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची भव्य तैलचित्रं इथलं खरं वैभव. नाटकाला आलेल्यानं ती घाईत ओलांडून जाऊ नये!

जंगली महाराज रस्त्यावरच्या या वास्तूत नाटकांबरोबर लावण्याही रंगल्या. ती पाडून नवं संकुल बांधण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा अनेक रंगकर्मींनी विरोध केला. तो रास्तच होता. गैरसोयी दूर कराव्यात, पण त्यासाठी रंगमंदिरच पाडायला नको.