डिझेल, बर्फ, जाळी : खर्च कोणत्या खात्यात?

मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या निमित्ताने वरळी कोळीवाड्याचे नाव अनेक वर्षे चर्चेत राहिले. प्रकल्पाच्या परवानगीचा वाद २०१९ मध्ये उच्च न्यायालयात आणि त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात गेला. क्लीव्हलँड बंदरातून होड्या सुरक्षितपणे समुद्रात जाण्यासाठी पुलाच्या खांबांमधील ६० मीटरचे अंतर अपुरे आहे, अशी मच्छीमारांची तक्रार होती. डिसेंबर २०२२ मध्ये ते १२० मीटर करण्याचा निर्णय झाला. खांबांचा प्रश्न असा सुटला, तरी नुकसानभरपाईचा प्रश्न निराळा असतो. एखाद्या नाखव्याचे उत्पन्न किती घटले, हे ठरवायचे तर आधी ते किती होते हे दाखवावे लागते. ‘पूर्वी मासळी भरपूर मिळे’ हे वाक्य खरे असले तरी ताळेबंदात बसत नाही.

संगणकावर हिशेब ठेवणे आता नवीन राहिलेले नाही. श्याम सुंदर गोएंका व भरत गोएंका या पितापुत्रांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या कंपनीची ‘टॅली’ ही प्रणाली देशभरातील छोट्या पेढ्यांपर्यंत पोहोचली आहे. मात्र प्रणाली बेरीज-वजाबाकी अचूक करते, वर्गवारी करीत नाही. कोणती रक्कम कोणत्या गटात जाणार, हे माणसानेच ठरवायचे असते आणि अहवालाचा कस तेथेच लागतो.

गटांची उतरंड

टॅलीमध्ये २८ गट तयारच मिळतात. त्यांपैकी १५ मुख्य आणि १३ उपगट आहेत. मुख्य गटांतील नऊ ताळेबंदात जातात, तर सहा नफा-तोटा पत्रकात. खाते चुकीच्या गटाखाली उघडले, की आकडा बरोबर असूनही पत्रक चुकते.

मासेमारीच्या व्यवसायात अशी गफलत सहज होते. होडीला नवे इंजिन बसवले, तर ती मालमत्ता होय. तिची किंमत ‘फिक्स्ड अ‍ॅसेट्स’मध्ये दाखवून दरवर्षी घसारा काढायचा असतो. जुन्या इंजिनाची दुरुस्ती मात्र त्या वर्षाचा खर्च ठरते. दोन्ही रकमा ‘इंजिन’ नावाच्या एकाच खात्यात टाकल्या, तर एका वर्षी मोठा तोटा आणि पुढच्या वर्षी फुगलेला नफा दिसेल. खलाशाला हंगामाआधी दिलेली उचल ही मजुरी नसून येणे रक्कम आहे. तिची जागा ‘लोन्स अँड अ‍ॅडव्हान्सेस’मध्ये असते. हंगामात त्याच्या वाट्यातून ती वळती झाली, की तेवढ्यापुरती खर्चात येते.

सहकारी संस्थेच्या बाबतीत डिझेलचा परतावा हे उत्तम उदाहरण आहे. शासनाकडून संस्थेमार्फत सभासदांना मिळणारी ही रक्कम संस्थेचे उत्पन्न नव्हे. ती सभासदांना देय असल्याने ‘करंट लायबिलिटीज’मध्ये हवी. ती उत्पन्नात धरल्यास कागदोपत्री खोटा नफा दिसतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत जातो. म्हणजे वर्गवारी चुकल्यास सभासदांचाच पैसा राखीव निधीत अडकण्याची भीती असते.

‘काय’ आणि ‘कोठे’

दुसरी चूक याहून अधिक आढळते. समजा, एका व्यावसायिकाच्या पाच होड्या आहेत आणि खर्चाचे प्रकार दहा : डिझेल, बर्फ, शिधा, जाळीदुरुस्ती वगैरे. प्रत्येक होडीसाठी ‘डिझेल - होडी १’, ‘डिझेल - होडी २’ अशी खाती उघडली, तर ५० खाती होतात. सहावी होडी आली, की आणखी दहा. एकूण डिझेलवर किती खर्च झाला, हे पाहायला मग पुन्हा बेरीज करत बसावे लागते.

खर्च कशावर झाला आणि कोठे झाला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर खाते देते. दुसऱ्यासाठी ‘कॉस्ट सेंटर’ची सोय आहे. दहा खाती आणि पाच कॉस्ट सेंटर, अशा अवघ्या १५ नोंदींत काम भागते. प्रत्येक व्हाउचरमध्ये खाते निवडून होडी नमूद केली, की प्रत्येक होडीचा नफा-तोटा वेगळा पाहता येतो. ‘कॉस्ट कॅटेगरी’ वापरल्यास तीच पूर्ण रक्कम एकदा होडीनुसार आणि एकदा मासेमारीच्या ठिकाणानुसार विभागता येते. किनाऱ्यालगतची मासेमारी आणि खोल समुद्रातील मासेमारी यांचे उत्पन्न आणि डिझेल वेगवेगळे दिसू लागते. किनाऱ्यालगतची जागा गेल्यावर होडीला लांब जावे लागले आणि डिझेल वाढले, हे मग आकड्यांतून सांगता येते.

सातत्य महत्त्वाचे

वर्गवारी वर्षाच्या मध्येच बदलली, तर मागील वर्षाशी तुलना अशक्य होते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात होड्या किनाऱ्याला असतात. खात्यांची यादी तपासायला ही सवड चांगली, पण बदल लागू करावेत ते पुढच्या १ एप्रिलपासून. खाती मोजकी असावीत, त्यांची नावे कोळीवाड्यात रोज बोलली जाणारी असावीत आणि ‘किरकोळ खर्च’ हे खाते खरोखरच किरकोळ राहावे. या खात्यात मोठी रक्कम साचू लागली, तर एखादा महत्त्वाचा खर्च नावाविना राहिला आहे, असे समजावे.

अशा नोंदी सलग तीन-चार वर्षे राहिल्या, तर बँकेकडे कर्ज मागताना, लेखापरीक्षकासमोर किंवा भरपाईचा दावा करताना त्याच कामी येतात. नुकसान झाल्यावर मात्र मागील वर्षांचे हिशेब नव्याने उभे करता येत नाहीत.